आरशाचं राहिलं

कडाव, ११ नोव्हेंबर २०२४

किशोर,

सर्वप्रथम माझी तक्रार नोंदवून घ्यावी. तुझं पोस्टकार्ड माझ्या हाती पडलं तेव्हा त्यावर तेलाचे तीन आणि लसणीच्या चटणीचा एक, असे चार डाग होते. पोस्टमनने ते माझ्या दारात टाकण्याऐवजी नाक्यावर नवशाच्या वडापावच्या गाडीवर ठेवलं, कारण 'बाई रोज तिथूनच जातात'. नवशाने ते दोन दिवस काचेच्या पेटीला टेकवून ठेवलं. तिथे ते निम्म्या कडावने वाचलं. दूधवाल्याने मला सकाळी विचारलं, "बाई, ते जंतू बगायचं यंत्र किशोरच्या शाळंला आलंय म्हनं? आन तो हात नाय लावनार, तो का वं?" मी चोपन्न वर्षांची आहे, तीस वर्षं विज्ञान शिकवते आहे, आणि माझं पत्र दूधवाल्याच्या आधी मी वाचावं एवढीच माझी या देशाच्या टपाल खात्याकडून अपेक्षा होती. ती विफल झाली. कृपया उचित कार्यवाही व्हावी.

वर नुसतं 'किशोर' लिहिलंय, कारण 'प्रिय' लिहायला धीर झाला नाही आणि 'चिरंजीव' लिहायला तू चाळिशीचा झालास. फोन केला असता, पण तुझ्या डोंगरावर रेंज नाही. आणि जिथे रेंज आहे तिथे तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस, हे मला ठाऊक आहे. दर दिवाळीला लावून बघते.

तुझा मजकूर पाच ओळींचा. 'बाईंस नमस्कार. आश्रमशाळेला सूक्ष्मदर्शक आला आहे. हर्षला मॅडम नवीन आहेत, त्यांचा विषय गणित. लावायचा कसा आणि पोरांनी जपून वापरायचा कसा, ते लिहून द्या. मी हात लावणार नाही.' शेवटचं वाक्य नसतं तर मी एका पानात उत्तर दिलं असतं. आता वेळ लागेल.

हर्षला मॅडमना सांग: पेटीतून काढताना दोन हात. एक मानेला, एक तळाखाली. एका हाताने गळ्याला धरून कोंबडी नेतात, सूक्ष्मदर्शक नाही. टेबल डगमगणारं नको. एक पाय आखूड असलेलं टेबल प्रत्येक शाळेत असतं आणि ते नेहमी विज्ञानालाच मिळतं, तेव्हा आधी बसून बघा. कडेपासून वीतभर आत ठेवा. पिशवी, दप्तर, ओढणी, काही जवळ लोंबता कामा नये. काम झालं की कापडी टोपरं घाला, नाहीतर पाली अंडी घालतात आणि मुलं ती दहापट मोठी करून बघत नाहीत, नुसतीच ओरडतात.

आणि खंडेनवमीला त्याची पूजा करू नका. आपल्या शाळेत एकदा झाली होती, तुला आठवत असेल. कुंकू वरच्या भिंगाला चिकटलं आणि पुढे महिनाभर नववीच्या वर्गाने कांद्याच्या पापुद्र्यात काळे ठिपके बघितले. सगळ्यांनी ते वहीत काढले, शेजारी 'जंतू' असं लिहिलं, आणि मी बरोबरची खूण केली. शेवटी भिंग परिचर म्हणून तूच पुसलंस. तू म्हणालास, "बाई, जंतू पडले बगा खाली," आणि बोट दाखवलंस. बोट लाल होतं.

खालून उजेड घेणाऱ्या आरशाचं पुढच्या पत्रात लिहिते. इथे कागद संपला.

सुरेखा ठोंबरे

ता. क. भाऊबीज कशी झाली असं विचारणार होते. विचारत नाही.


कडाव, २४ नोव्हेंबर

किशोर,

कार्ड मिळालं, यावेळी एकच डाग. मजकूर दोन शब्दांचा: 'आरशाचं राहिलं.' परीक्षेत मी अशा उत्तराला पूर्ण गुण देते. मुद्देसूद आहे.

पण क्रमाने जाऊ. घाईत काचा फुटतात.

सुरुवात नेहमी सगळ्यात लहान भिंगाने. मोठं भिंग आधी लावलं की काही दिसत नाही आणि मूल समजतं आपलीच नजर अधू. स्लाईड ठेवायची, क्लिपा लावायच्या, मग बाजूला वाकून, डोळा नळीला न लावता, भिंग स्लाईडच्या जवळ आणायचं. बाजूने बघत. हे तीनदा लिहून फळ्यावर ठेवा. डोळा नळीला लावल्यावर मोठी फिरकी फक्त वर घ्यायची, खाली कधीच नाही. खाली घेतली की भिंग काचेतून आरपार जातं, स्लाईड फुटते, मूल रडतं आणि बाई ओरडतात. यातलं ओरडणं टाळता येण्यासारखं असतं, पण मला ते कधी जमलं नाही.

कांदा कापायचं ब्लेड मॅडमच्याच हातात. पापुद्रा अगदी आतला घ्या, पाण्याच्या थेंबात पसरा, वरची पातळ काच तिरकी टेकवून हळू सोडा, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. आयोडीनचा एक थेंब पुरे, मुलं चार टाकतात, आणि मग तोच हात तोंडाला जातो. हात धुऊन घ्या. फुटलेली काच झाडूने भरा, बोटांनी नाही. भिंग पदराने पुसायचं नाही, शर्टाने नाही, फुंकर मारून तर अजिबात नाही. जुनं, पुष्कळदा धुतलेलं धोतर सगळ्यात मऊ. हे मला तूच शिकवलंस. तुझ्या आज्याचं धोतर तू चौकोनी कापून डब्यात ठेवायचास.

काल खोपोलीला गेले होते, चष्म्याच्या कामाला. शिळफाट्याला एका कापडाच्या दुकानात शिरले आणि मीटर हातात घेऊन समोर संजना. तुझी भाची, ठमीची संजना. मी तिला ओळखलं नसतं, चांगली उंच झाली आहे, पण तिने कापडाची किंमत वाचायला मान वळवली आणि उजवा डोळा मिटून घेतला. सवयीने. आपण माशी हाकलतो तसं.

"बाई, तुमी?" म्हणाली आणि गल्ल्यामागून बाहेर येऊन पाया पडली. दुकानात गिऱ्हाईक होतं. मला पाय मागे घेता आले नाहीत.

"कशी आहेस गं?"

"बरी हाय. डाव्या डोळ्यानं भागतंय." हसली. "बाई, मामा कसा हाय हो? तुमाला काय म्हाईत?"

"पत्र आलं होतं."

"त्याला सांगा, माझा राग नाय. आईम्होरं नाव काडता येत नाय, न्हायतर मीच गेली असती. आई म्हनते, भाऊ म्हनून त्याच्या भरवशावर पोरगी शाळंत धाडली आन त्यानंच डोळा घालवला."

मी दोन मीटर कापड घेतलं. काय कापड आहे ते घरी येऊन बघितलं.

ठमीने बारा वर्षांत तुला ओवाळलं नाही, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तुझ्या हातून चूक झाली असं ती समजते. सगळेच समजतात.

निरोप सांगायचा होता, सांगितला. आरशाचं लिहायला आता उजेड कमी आहे.

सु. ठों.


कडाव, ९ डिसेंबर

किशोर,

तुझं पत्र आज मिळालं. बंद पाकिटात, तिकीट लावून. नवशा दुःखी आहे.

वाचलं. हर्षला मॅडमनी सूक्ष्मदर्शक ओसरीवर उन्हात मांडला, तू तो पोरांच्या पुढ्यातून उचलून कपाटात घातलास, कुलूप लावलंस आणि चावी देत नाहीस. मुख्याध्यापकांनी तुला लेखी विचारलं आहे की सोमवारपर्यंत चावी देणार की नोकरी. आणि तू मला लिहितोस: 'एकदा ऊन सरकल्याचं मला समजलं नाही. संजीचा डोळा गेला. परत माझ्या हातून नको. तुम्ही आरशाचं लिहा, मग चावी देतो.'

हे वाक्य मी सकाळपासून वाचते आहे.

किशोर, ऊन सरकलं नव्हतं.

आता सगळं सलग लिहिते, मध्ये विनोद करणार नाही. केला तर मी पळून जातेय असं समज.

सतरा जानेवारी, दोन हजार तेरा. तपासणीचा दिवस. तू सकाळी पावणेनऊला प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक मांडलास. कोपऱ्यातल्या टेबलावर, जिथे उत्तरेची आणि पूर्वेची अशा दोन खिडक्या आहेत. आरसा तू उत्तरेच्या खिडकीकडे, मोकळ्या आभाळाकडे लावलास. मला बोलावलंस, "बाई, बगा, मस्त दिसतंय." मी बघितलं. कांद्याच्या पेशी विटांसारख्या नीट दिसत होत्या. फक्त थोड्या अंधुक, कारण बाहेर धुकं होतं. मी म्हणाले ठीक आहे, आणि तुला तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या चहाभज्यांसाठी नाक्यावर पाठवलं.

तू गेल्यावर मी परत बघितलं. साहेबांचा चष्मा जाड होता. मला वाटलं, त्यांना काही दिसणार नाही, आणि त्यांना दिसलं नाही तर शेऱ्यात 'प्रयोगशाळा निरुपयोगी' असं येईल. पूर्वेच्या खिडकीत धुक्यामागे सूर्य होता, भाकरीसारखा फिका. मी आरसा त्याच्याकडे फिरवला. मी. या हाताने. चित्र एकदम उजळलं. मला फार बरं वाटलं.

मग मी वर्गातून संजनाला बोलावलं. तिची चित्रं सगळ्यात चांगली होती, हे एक कारण. दुसरं कारण तुला कधी सांगितलं नाही. साहेबांबरोबर फोटो काढणारा होता, आणि डोंगरातल्या वाडीवरची मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली फोटोत बरी दिसते. मी तिला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "मी सांगेपर्यंत डोळा काढायचा नाही. साहेब येतील तेव्हा तू बघताना दिसली पाहिजेस." आणि दारात जाऊन उभी राहिले.

साहेब लवकर आले नाहीत. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत आपल्या गुडघ्याबद्दल बोलत होते. धुकं वर गेलं. मला पाठीवर ऊन लागलं तेव्हा ते कळायला हवं होतं.

संजना म्हणाली, "बाई, लय उजेड हाय."

मी मागे न बघता म्हणाले, "उजेड असलेला बरा. बघत राहा."

थोड्या वेळाने ती परत म्हणाली, "बाई, डोळ्यात पानी येतंय." याला मी उत्तरच दिलं नाही. व्हरांड्यात बुटांचा आवाज येत होता.

चार मिनिटं झाली असतील. सहाही असतील. मी घड्याळ लावून दुसऱ्यांचे तास मोजते, त्या दिवशी मोजलं नाही.

साहेब आत आले, डोळा लावला आणि लगेच मागे झाले. "अहो बाई, डोळे जातील एखाद्याचे!" म्हणाले आणि हसले. आम्ही सगळेच हसलो. हसता हसता मी आरसा उत्तरेकडे वळवून ठेवला. तेवढ्यात तू किटली घेऊन आलास.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "बाई, बगीन तिथं मधी काळं रुपायावानी दिसतंय." डावा डोळा मिटला की तिला माझं तोंड दिसत नव्हतं, किशोर. फक्त कान दिसत होते. मी म्हणाले, सकाळपासून उपाशी असशील, घरी जाऊन जेव. आठवड्याने डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा भाजलाय आणि तो परत येत नाही.

चौकशीत मला विचारलं, सूक्ष्मदर्शक कोण मांडतं? मी म्हणाले, परिचर मांडतो. एकही शब्द खोटा नव्हता. तू म्हणालास, "मी उत्तरेला लावला व्हता." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "नीट आठव, किशोर. ऊन सरकतं." तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता तू भांडशील. तू खाली बघून म्हणालास, "असंल बाई. तुमी सांगता मंजी असंल."

जानेवारीत उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही. दिवसभर बसलास तरी येत नाही. हे पुस्तकात आहे, मीच शिकवते. तू दुसऱ्या कुणालाही विचारलं असतंस तर त्याने सांगितलं असतं. पण तू मलाच विचारलंस.

तू हंगामी होतास, तुला काढायला एक सही पुरली. ठमीने तुला दारातून घालवलं ते मी ऐकलं. तू कुंभिवलीला कारखान्यात ओझी उचलायला लागलास, पुढे आश्रमशाळेत शिपाई झालास, तेही ऐकलं. दर वेळी वाटलं, सांगावं. दर वेळी काहीतरी निघालं: दहावीचे पेपर, आईचं आजारपण, माझी बढती. बढती मिळाली, बरं का.

सोबत वेगळा कागद आहे. तो कपाटाच्या दारावर आतून चिकटव. त्यात आरशाचं आहे:

'आरसा मोकळ्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे लावावा. सूर्याकडे कधीही नाही. धुकं असलं, ढग असला, सूर्य फिका दिसत असला तरी नाही. ऊन येणाऱ्या खिडकीजवळ टेबल ठेवू नये. दिवा वापरायचा तर साधा, दुधी काचेचा. मुलाने "उजेड फार आहे" म्हटलं की त्याच क्षणी डोळा काढायला सांगावं. कुणीही येणार असलं तरी. हा नियम मी मोडला आणि एका मुलीचा डोळा गेला. सुरेखा ठोंबरे, विज्ञान शिक्षिका.'

चावी दे, किशोर. पण आरसा तू लाव. मॅडमना उभं करून दाखव. माझ्या माहितीत तो नीट लावणारा एकच माणूस आहे.

सुरेखा


कडाव, २९ डिसेंबर

किशोर,

तुझं कार्ड: 'आरसा मी लावला. पोरांनी कांदा बघितला. बाकीचं ठमीताईला सांगा. मला सांगून काय?'

मी अपेक्षा केली होती की तू शिव्या देशील. शिव्या आल्या असत्या तर मी त्या वाचून, डोळे पुसून, हलकी होऊन झोपले असते. तू मला काम लावलंस.

या तीन आठवड्यांत मी काय केलं त्याचा अहवाल. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सगळं लिहून दिलं. आताचे मुख्याध्यापक तरुण आहेत. त्यांनी कागद वाचला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, बारा वर्षं झाली. तुमची चार राहिलीत. कशाला उकरता?" मी म्हणाले, आवक नोंदवहीत क्रमांक टाका. टाकला, पण पेन्सिलीने. दुसऱ्या दिवशी मी तो पेनाने गिरवला.

नंतर शिळफाट्याला गेले. दुकान बंद व्हायच्या वेळी संजनाला बाहेर बोलावलं, रसाच्या गाडीमागे बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं. मग तिने विचारलं, "बाई, मी न सांगता डोळा काडला असता तर तुमी मारलं असतं?"

"नाही गं."

"मंग मी का नाय काडला?"

तीस वर्षांत पोरांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरं येत नव्हती त्यांना मी 'उद्या विचार' म्हणत आले. हिला तेही म्हणता येईना. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "आईला तुमी सांगा. मी नाय सांगनार. तिनं मामाला काय काय म्हटलंय ते मी ऐकलंय, मला तिचं तोंड बगवनार नाय." यावेळी पाया पडली नाही. ते मला बरं वाटलं.

वाडीवर अजून गेले नाही. रविवारी निघाले होते, तर पाहुणे आले. त्याच्या आदल्या रविवारी पाय मुरगळला होता. नीट वाच: पाय मुरगळला नव्हता.

सुरेखा


कडाव, १३ जानेवारी २०२५

किशोर,

काल वाडीवर गेले.

रिक्षा खालच्या पुलापर्यंतच येते, पुढे चढ आहे हे तुला काय सांगायचं. ठमी दारात सूप घेऊन नाचणी पाखडत होती. केस पिकलेत तिचे. मला बघून उठली, "या बाई, आज कुनीकडं?" म्हणत गोधडी टाकली, चहाला आत जायला लागली. मी म्हणाले, चहा नको, आधी ऐक. उभ्यानेच सांगितलं. तुला जे लिहिलं तेच, त्याच क्रमाने, साहेबांच्या बुटांसकट.

ती मध्ये एकदाच बोलली. "आरसा तुमी फिरवला?"

"मी फिरवला."

"किशानं नाय?"

"त्याने बरोबर लावला होता."

ती परत बसली आणि पाखडायला लागली. सूप तसंच चालू. मला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून मी पुन्हा सुरू केलं, तर म्हणाली, "समजलं. शाळंत नव्हती गेली म्हनून कान नाय का मला?"

मग मला रडू आलं. आणि ठमीने सूप खाली ठेवलं.

"बाई, रडू नका. तुमचं पुसत बसायला माझ्याकडं येळ नाय. माझा भाऊ त्या तिथं उभा व्हता, त्या आंब्याखाली, साखरंचा पुडा घेऊन. मी आतनं कडी लावली. कुत्रं तरी माणूस हाड म्हनून हाकलतो, मी तेवढं पन बोलली नाय. दिवाळीला दर साली येऊन उभा ऱ्हायचा. चौथ्या सालानं यायचा थांबला. ते कोन भरून देनार? तुमी?"

मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते!

"आन तो मुडदा पन! बोलला का नाय? म्हनाला, ताई, माझीच चूक असंल." आता तिचा आवाज फाटला. "असंल म्हनं! सख्ख्या भाच्चीचा डोळा, आन असंल!"

"ते मी त्याला म्हणायला लावलं, ठमी."

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"मी ज्या ज्या दारात त्याला शिव्या दिल्यात त्या त्या दारात. मी सांगनार नाय, तुमी सांगायचं. मी निस्ती उभी ऱ्हाते."

नऊ दारं होती, किशोर. मी आयुष्यात पंचवीस हजार तास घेतले असतील, पण असा एकही नाही. पहिल्या दारात मी 'अनवधानाने' असा शब्द वापरला. ठमी म्हणाली, "आमच्या भाषंत सांगा." दुसऱ्या दारात तो शब्द गेला. तिसऱ्या दारात 'तपासणी होती म्हणून' हेही गेलं. पाचव्या दारापर्यंत माझ्याकडे एवढंच उरलं होतं: आरसा मी उन्हाकडे केला, पोर उजेड आहे म्हणाली तरी बघ म्हटलं, आणि किशोरवर ढकललं. तुमच्यातला म्हातारा येसाजी हे ऐकून म्हणाला, "आन तुमी मास्तरीन?" एका बाईने दार लावून घेतलं. एकीने पाणी दिलं, मी प्यायले. लहान पोरं मागून येत होती, त्यांना वाटलं मतदानाचं काहीतरी आहे.

आठ दारं झाली. नववं सोनाबाईचं, पार वरच्या अंगाला. कुलूप होतं. लेकीकडे गेली आहे म्हणाले. ठमी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिला तसं पन कमी ऐकू येतं." मी चप्पल शोधत होते तेव्हा तिने विचारलं, "किशाच्या शाळंकडं कंची गाडी जाते?"

मी सांगितलं: खालापूरहून सकाळी साडेआठला टेंपो, नाहीतर मग दुपारीच. तिने बोटावर काहीतरी मोजलं आणि सूप उचललं. ती येणार का, कधी, हे बोलली नाही.

आता तुझ्याकडून उत्तर नाही आलं तरी चालेल. माझा नंबर अडवलेलाच असू दे. दिवाळीला लावून बघणार नाही.

सुरेखा


कडाव, २० जानेवारी

किशोर,

काल रविवारी पुन्हा वाडीवर जाऊन आले. ठमीच्या घराला कडी होती, बाहेरून. शेजारची पोर म्हणाली, संजी आणि तिची आई सकाळी अंधारातच खाली उतरल्या. कुठे ते तुला माझ्याआधी समजलं असेल.

मी वर सोनाबाईकडे गेले. ती उन्हाला पाठ करून पाय पसरून बसली होती. मी जवळ बसून मोठ्याने सांगितलं. निम्म्यात म्हणाली, "वरडू नका, ऐकू येतंय." शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "म्हंजे किशोरची चूक नव्हती?"

"नव्हती."

"ते आमाला कवाच वाटलं व्हतं. येवढं सांगाया डोंगर चढलात?"

मी हो म्हणाले. थोडा वेळ बसले आणि उतरले.

सुरेखा